ट्रेलरखालचा चौथा ठोकळा

मी ट्रेलरखालून फक्त एक ठोकळा काढला. एकच. (खाली चार होते. तिपाई तीन पायांवर उभी राहते, एवढं गणित आठवीत शाळा सोडायच्या आधीच मला येत होतं.)

कारण साधं होतं. आमच्या अर्धवट घराच्या दारावर, तुळईखाली, आधाराचा एक तुकडा कमी पडत होता आणि दहा वाजता इन्स्पेक्टर येणार होता. इथे आयडाहोत जमीन स्वतःची असली, तरी घर होईपर्यंत तिच्यावर ट्रेलरमध्ये राहायला काउंटीच्या कचेरीची परवानगी लागते. आमची त्याच दिवशी संपत होती. "वाढवून मिळाली नाही तर जागा विकून मोकळं व्हायचं," मार्लीस सकाळीच म्हणाली होती.

मार्लीस माझी वहिनी. घर सुरू केलं माझ्या थोरल्या भावानं, हॉलिसनं. मार्चमध्ये जंगलात झाड तोडताना ते त्याच्यावरच पडलं. मी वीस पावलांवर सँडविच खात बसलो होतो. त्यानंतर मी सँडविच खाल्लेलं नाही. घर मात्र बांधतोय.

इन्स्पेक्टर टर्कल दहा मिनिटं आधीच आला. (माणूस दाराएवढा.) "आधी ट्रेलर बघतो," म्हणत तो मार्लीसबरोबर आत गेला. मला वाटलं, देव पावला! घणाचे दोन घाव घालून ठोकळा उडवला आणि लगेच करवतीनं मधोमध कापला.

तेवढ्यात ट्रेलर कण्हला आणि उताराकडे कलला. उताराच्या टोकाला, सांडपाण्याच्या टाकीसाठी मीच खणलेला आठ फुटी खड्डा आ वासून बसला होता.

"क्ले!" मार्लीस खिडकीतून ओरडली. "काय काढलंस?"

"काही नाही!"

"मग ते काही नाही परत घाल!"

"कापलं!"

आत भांडी एकामागून एक घरंगळली.

"दार उघडत नाहीये," टर्कलचा आवाज आला. फार शांत. "चौकट पिळलीय. बाई, तुम्ही हलू नका. मीही हलत नाही."

"मी नाही हलले. कॉफी हलली. तुमच्या फॉर्मवर."

कोपरा आणखी इंचभर खाली आला. मी धावत जाऊन त्याला खांदा लावला. (ट्रेलर साडेतीन टन, मी साठ किलो. गोचिडीनं गाय उचलावी तसं.)

"बाजूला हो, मूर्खा! चिरडला जाशील!" मार्लीस ओरडली.

"नाही होणार!" मी किंचाळलो. "एकदा बसलो होतो बाजूला!"

लाकूड करकरलं.

मग टर्कल खिडकीतून वाकून म्हणाला, "पोरा, तुझ्या खांद्यावर काहीही उभं नाहीये. जॅक आण."

मी हळूच खांदा काढला. खरंच, ट्रेलरला काही फरक पडला नाही.

ट्रकमधला जॅक आणला, कोपऱ्याखाली लावला. कोपरा थांबला, दार मात्र अडलेलंच. आपत्कालीन खिडकीतून आधी मार्लीस उतरली. मग टर्कल कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"ओढ," तो म्हणाला.

मी ओढलं. तो आला, माझ्यावरच. माझ्या छातीवर पडल्यापडल्याच त्यानं ओला फॉर्म काढून खूण केली. "आपत्कालीन खिडकी: चालते."

मग घराच्या भिंती. पाणसळ लावत लावत तो एका खांबापाशी थांबला.

"इथपर्यंत वेगळा माणूस होता."

"माझा भाऊ."

"आणि इथून पुढे?"

"मी."

"हं."

मार्लीस त्या खांबाला हात लावून उभी राहिली. मी चपलेकडे बघत राहिलो. आता विकायचं, असंच ती म्हणणार.

"इथून पुढचं सगळं उतरव," टर्कल म्हणाला. "त्याच्या या शेवटच्या खांबाला ओळंबा लाव आणि तिथून पुन्हा सुरू कर. सहा महिने देतो."

फॉर्मवर काहीतरी खरडून, कागद मार्लीसच्या हातात देऊन तो निघून गेला.

"कारण काय लिहिलंय गं?" मी विचारलं. (कोरडा कागदसुद्धा मला वाचायला वेळ लागतो.)

मार्लीसनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पोट धरून खालीच बसली.

"'मुदतवाढीचं कारण,'" हसू आवरत ती म्हणाली, "'घर धाकटा भाऊ बांधतोय.'"