दत्तूकाकांची तीन कपाटं

दत्तूकाकांकडे वांग्याची रोपं कशी जगवावीत हे विचारायला गेलेला माणूस भरतकामाचं पुस्तक घेऊन परत यायचा. भरतकामाचं पुस्तक मागायला गेलेल्या बाईच्या हातात बियाण्यांचा कॅटलॉग पडायचा. आणि दुकानाच्या पाटीसाठी चांगलं अक्षर हवं म्हणून गेलेल्या सदूशेट किराणेवाल्यांना तर त्यांनी अख्खी दुपार दोडक्याच्या वेलापुढे बसवून ठेवलं होतं.

मी पुण्याहून रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आले ती तीस सालच्या आसपास. दत्तूकाकांच्या शेजारीच मला खोली मिळाली. मध्ये फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा. पहिल्याच सकाळी मी खिडकी उघडली आणि दचकून मागे सरले. समोरच्या कौलांवर धोतराचा काचा मारलेले एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते आणि खाली आपल्या आगरातल्या भाजीच्या वाफ्यांकडे टक लावून बघत होते.

"अहो, पडाल!" मी ओरडले.

"पडत नाही हो. वरूनच कळतं. लाल माठाची ओळ वाकडी गेल्येय. कोयरीचं शेपूट नीट वळत नाही."

मग कळलं की त्यांनी भाजीचा वाफा शालूच्या पदरावर असते तशा कोयरीच्या आकारात पेरला होता. कडेला लाल माठ, पोटात मेथी. भाजी खुडायची म्हटली की त्यांच्या जिवावर यायचं. शेपटाकडची मेथी कुणी खुडली, म्हणून मोलकरणीशी ते दिवसभर बोलले नव्हते.

दत्तूकाकांची उमेदीची वर्षं मुंबईत एका शिळाछापखान्यात गेली होती. गिरणीच्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत तिकिटं ते काढायचे. हत्ती, मोर, कमळं आणि त्याखाली वेलबुट्टीची अक्षरं. बायको लग्नानंतर लवकरच गेली, पुन्हा लग्न केलं नाही. म्हातारी आई गावाला एकटी, म्हणून नोकरी सोडून परत आले, ते तीन कपाटं घेऊन. एकात बागकामाची पुस्तकं, दुसऱ्यात अक्षरांचे आणि चित्रांचे नमुने, तिसऱ्यात कशिद्याचे आणि विणकामाचे. गावात कुणाला काहीही शिकायचं असलं की लोक म्हणायचे, "दत्तूकाकांना विचारा, पुस्तक सांगतील." आणि ते सांगायचेही. फक्त आपण ज्या कपाटापुढे उभे असू त्यातलं कधीच नाही.

"चुकीच्या कपाटापुढे उभे आहात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वांगीवाल्याला ते सांगायचे, "टाके सारख्या अंतरावर घालायला शिका, मग रोपं सारख्या अंतरावर लागतील." सदूशेटना म्हणाले, "अक्षराला वळण कुठून येतं? वेलाकडून. बसा इथे." शेवटी पाटी त्यांनी स्वतःच रंगवून दिली. इतकी सुंदर, की 'किराणा' शब्दाला फुटलेल्या वेलीच्या तणाव्यांमधून तो शब्दच कुणाला सापडेना. लोक वैद्याचं दुकान समजून काढा मागायला येऊ लागले. सदूशेट आठवडाभर चिडले आणि मग त्यांनी सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध ठेवायला सुरुवात केली.

माझी पाळी आली ती शाळेच्या हस्तकला प्रदर्शनाच्या वेळी. मुलींना भरतकाम शिकवायचं होतं आणि मला साखळी टाक्यापलीकडे काही येत नव्हतं. मी तिसऱ्या कपाटापुढे उभी राहिले. दत्तूकाकांनी मला हात धुवायला लावले आणि विलायती फुलझाडांचा कॅटलॉग पुढे केला.

"यात टाका कुठे आहे?" मी विचारलं.

"पाकळीत. जास्वंदीजवळ चला."

जास्वंदीपाशी त्यांनी बंडीच्या खिशातून सुई काढली, रेशमाचा लाल धागा ओवला आणि बोलता बोलता माझ्या साध्या रुमालाच्या कोपऱ्यावर एक पाकळी उठवली. अशी, की मी ती नखानं उचलून बघितली. पुरुषाच्या हातात सुई म्हणजे शिंप्याची, एवढंच मला माहीत होतं.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी विचारलं. पुस्तकाचं नाव विचारताच गप्प झालेले दत्तूकाका मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मुली त्यांच्या पडवीत शिकायला येऊ लागल्या. आठ दिवस नीट गेले. मग गावात कुजबुज सुरू झाली आणि एका संध्याकाळी शाळेच्या कमिटीतले अप्पासाहेब वकील दोघा-तिघांना घेऊन खळ्यात, पुढच्या अंगणात, येऊन उभे राहिले. मुली दोरे तिथेच टाकून भिंतीला चिकटल्या.

"दत्तोपंत, हे काय मांडलंय? बाप्यामाणसानं मुलींना कशिदा शिकवायचा? चांगल्या घरात शोभतं का हे? तुमच्या मातोश्रींना तरी ठाऊक आहे?"

एरवी धबधब्यासारखे बोलणारे दत्तूकाका खाली बसून मुलींनी टाकलेले दोरे गोळा करू लागले. मला वाटलं, आता प्रदर्शनही गेलं आणि माझी नोकरीही.

तेवढ्यात आतलं दार वाजलं आणि मातोश्रीच बाहेर आल्या. सत्तरी उलटलेली, विधवेच्या लाल आलवणातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली बाई. परक्या पुरुषांसमोर त्या आल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. वकिलांचे सोबती दोन पावलं मागे सरकले. आजींच्या हातात एक जुनी, विटक्या लाल तुकड्यांची गोधडी होती.

"तू गंगूचा अप्पा ना रे?" त्या वकिलांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ही उलटी कर गो."

मी गोधडी उलटी करून खळ्यात पसरली आणि तशीच ओणवी राहिले. खालच्या अंगाला तसूभर जागा रिकामी नव्हती. सोनचाफा, अबोली, सुरंगीचे गेंद, अनंत, बकुळ, आगरातलं एकेक फूल रेशमात उठवलेलं. आणि मधोमध, वेलीतून उमलल्यासारखी दोन अक्षरं होती: मथी.

"मथी म्हणजे मी," आजी म्हणाल्या. "वेळणेश्वरास माहेरी मला मथी म्हणत. टाके तिथेच शिकल्ये. लग्नात नाव बदललं, आणि हा पाळण्यात असताना सगळंच संपलं. डोक्यात फूल नाही, अंगावर या आलवणाशिवाय रंग नाही. बरं, नाही तर नाही. सुई तेवढी याच्या हातात दिली, फुलं यानं भरली. पांघरूण उलटं करून बघायला कोण येतंय?"

आजी पुन्हा वकिलांकडे वळल्या.

"मला हल्ली दिसत नाही नीट. तुझ्या नाकावर चष्मा आहे. यात वाईट कुठलं फूल ते दाखव, उसवून टाकत्ये."

अप्पासाहेबांनी खरोखर चष्मा सारखा केला, खाली वाकून बघितलं आणि निघाले. जाताना ते दत्तूकाकांच्या वहाणा घालून गेले. शिकवणीला त्यांनी परवानगी शेवटपर्यंत दिली नाही आणि पुन्हा कधी अडवलंही नाही.

त्यानंतर आजी रोज पडवीत येऊन बसू लागल्या. मुलींचा टाका चुकला की त्या बोटांनी चाचपून सांगायच्या. मुलींची भीड चेपली. एके दिवशी त्यांच्यातली सर्वांत वात्रट पोर दारातूनच ओरडली, "मथी! ए मथी! बघ, माझं कमळ झालं!"

मी तिला दटावणार, तोच आजी खुदकन हसल्या. तोंडावर पदर धरून, दहा वर्षांच्या मुलीसारख्या. "आल्ये, आल्ये," म्हणत उठायलाही लागल्या.

दत्तूकाकांनी हातातली सुई खाली ठेवली आणि ते आगरात निघून गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. सुरंगीखाली पाठमोरे उभे होते.

"राग आला का? पोरीला कळत नाही हो."

त्यांनी मान हलवली. उपरण्यानं चेहरा पुसला.

"तिला या नावानं हाक मारणारं मोठं माणूस घरात कुणी उरलं नव्हतं," ते म्हणाले. "मी मुलगा. आईला मी नावानं हाक कशी मारणार? म्हणून गोधडीवर शिवलं होतं."