बाटलीवरील तांबड्या इशाऱ्याची मोहीम

समस्त तहानलेल्या रयतेस कळावे जे, सरकार दौलतमदार व्यापारमंत्री यांनी परमुलखीच्या फेसाळ गोड पाणी विकणाऱ्या कंपनीवर मोहीम करून जी फत्ते संपादिली, तिची हकिकत कोणाची भीड न धरिता येथे लिहिली असे.

आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई बहुत करारी. दवाखान्यात कोवळ्या पोरांचे किडके दात उपटून उपटून त्यांचा जीव विटला, आणि मग त्यांनी मसलत मांडिली जे, बाटलीवर तळहाताएवढा तांबडा इशारा छापावा, यात साखर फार आहे. मंत्रीसाहेबांनी मिशीस पीळ देऊन तसा हुकूम फर्माविला, आणि बाई त्या दिवशी घरी जाऊन स्वस्थ निजल्या.

हे वर्तमान कळताच कंपनीने आपल्या बादशाहाचे कान फुंकिले, आणि तेथून खलिता आला जे, इशारा छापाल तर तुमच्या कापडावर दुप्पट जकात बसेल. मंत्रीसाहेबांस दरदरून घाम फुटला. मग थंडगार दालनात तहाची बोलणी लागली. कंपनीचे वकील म्हणाले, तांबडा रंग उग्र. सबब फिका केला. म्हणाले, आकार मोठा. सबब नखाएवढा केला. म्हणाले, समोर दिसतो. तेव्हा मात्र मंत्रीसाहेब इरेस पेटले, मेजावर मूठ आपटली, आणि इशारा बाटलीच्या बुडाखाली नेला. बाईंनी अर्ज केला जे, तेथे तो वाचणार कोण. उत्तर जाहले, "बाई, इशारा राहिला ना? मग झालं तर."

पुढे विजयाचा दरबार भरला. अखबारनवीस जमले, कंपनीने बाटल्या उघडून मांडिल्या, आणि मंत्रीसाहेब शुभ्र वस्त्रे लेवून विराजमान होत्साते बोलिले जे, आम्ही तसूभर हटलो नाही. मग बाईंस फर्मान सोडिले जे, इशारा मोठ्याने वाचून दाखवावा.

बाई उठल्या, मंत्रीसाहेबांपुढील बाटली उचलिली, चष्मा सावरिला, आणि बूड डोळ्यांसमोर आणणे प्राप्त, सबब बाटली उलटी केली. गोड पाणी भळाभळा मंत्रीसाहेबांच्या मांडीवर. बाईंस घाई नव्हती. "जरा थांबा साहेब, अक्षर फार बारीक आहे," म्हणाल्या, आणि बाटली पुरती रिती जाहल्यावर वाचिले, "यात साखर फार आहे."

मंत्रीसाहेबांनी काही घडलेच नाही ऐशा थाटात घटकाभर भाषण रेटिले, आणि मग उठू गेले, तो वस्त्र खुर्चीस घट्ट चिकटलेले. येणेप्रमाणे सरकारांनी इशारा राखिला, बादशाहाची मर्जी राखिली, आणि खुर्ची तर ओढूनही सुटली नाही. मोहीम फत्ते जाहली, हे दप्तरी दाखल.