मखमलबाईचं आजारपण

"जनावराचं दुखणं मला नुसतं बघून कळतं!" असं सोनाजी शिंपी गोरेगावच्या बाजारात छाती ठोकून सांगायचा. त्याच्याकडे जनावर मात्र एकच होतं, आणि तेही आठ पायांचं. तळहाताएवढा केसाळ कोळी!

बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोल करताना तो सापडला. बाकीचे लोक मारायला दगड शोधेपर्यंत सोनाजीनं त्याला टोपीत घालून घरी आणलं, काचेच्या बरणीत ठेवलं आणि, शिंपीच तो, नाव ठेवलं मखमल! हे नाव फक्त त्याला आणि बरणीला ठाऊक. बायको गोजरबाई 'तुमचा किडा' म्हणायची आणि बरणीकडे पाठ करून भाकरी थापायची.

सहा वर्षं झाली. मखमलबाई थकली. पोटावरचे केस झडून टक्कल पडलं. मागचा पाय ओढत चालायची. बरणीत झुरळ सोडलं तर झुरळच तिच्या अंगावर चढून हवा खात बसायचं! सोनाजीनं ओव्याची धुरी दिली. खोकला गोजरबाईला लागला. मखमल ढिम्म!

तिच्या उपासाच्या नवव्या दिवशी सोनाजीनं बरणी उपरण्यात गुंडाळली, पिशवीत घातली आणि हिंगोलीच्या गुरांच्या डॉक्टरकडे निघाला. धनसिंगच्या जीपमध्ये अकरा माणसं आणि एक बकरी आधीच बसली होती. सोनाजी बारावा.

सेनगावच्या अलीकडं त्यानं पिशवीतलं उपरणं हळूच बाजूला सारून डोकावलं. मखमल उताणी! आठही पाय वर!

"गेली!" सोनाजीनं हंबरडा फोडला. "माझी मखमल गेली!"

धनसिंगनं असा ब्रेक मारला की बकरी पुढच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसली. शेजारी बसलेल्या जनकाबाईनं सोनाजीच्या पाठीवर हात ठेवला.

"कोन गेलं रे बाबा?"

"मखमल! नऊ दिवस झाले, अन्नाला शिवली न्हाई!"

"आरं देवा! घरचीच का?"

"घरचीच म्हना. सहा वर्सं माह्यासंगं होती. पन बायकूला तिचं तोंड बघवत न्हाई!"

जीपमधल्या सगळ्यांना सगळं समजलं! निदान त्यांना तसं वाटलं. एका फेटेवाल्यानं घसा खाकरला.

"बायकूला ठावं हाय?"

"डोळ्यांदेखत तर ठेवली होती, मामा!"

"काय छाती म्हनावी!" फेटेवाला पुटपुटला.

धनसिंग मनाचा मोठा. "असल्या वक्ताला मानसानं घरी पायजे," म्हणत त्यानं जीप माघारी वळवली. दीड मैलावर टायर पंक्चर! उन्हात दोन तास गेले. फेटेवाला आणि आणखी तिघं कंटाळून दुसऱ्या गाडीनं आखाडा बाळापूरकडं निघून गेले. उरलेल्यांनी सोनाजीला बाभळीखाली बसवलं आणि पाणी पाजलं. तो आपला पिशवी उराशी धरून हुंदके देत होता. आत पुन्हा बघायची त्याची हिंमत होईना.

अखेर जीप दाराशी उभी राहिली. गोजरबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. जनकाबाईनं तिला कवटाळलं.

"बाई, मन घट्ट कर. वाईट वाटून घेऊ नको. आता तुजा मालक तुज्या एकटीचाच झाला. त्याची मखमल गेली!"

"कोन मखमल?"

"सहा वर्सं ठेवली होती ती!"

गोजरबाईनं कमरेला पदर खोचला. "सहा वर्सं? आन मी म्हनते हा मानूस बसल्या बसल्या काहून हसते! कुठली हाय ती सटवी?"

"आगं, मखमल म्हंजे आपला किडा!" सोनाजी कळवळून ओरडला.

"किडा तर हायच! तुमच्या डोक्यात!"

गल्ली गोळा झाली. कुणी ओट्यावर चढलं, कुणी जीपच्या टपावर. सोनाजीनं पिशवीतून बरणी काढली आणि उपरणं सोडलं. आत दोन मखमली होत्या! एक चुरगळलेली, पोकळ. दुसरी तिच्याशेजारी बसून नवे कोरे पाय ताणत होती. पोटावर दाट काळे केस, टकलाचा पत्ता नाही!

"बाळंत झाली!" जनकाबाई किंचाळली.

"कात टाकली वो हिनं!" सोनाजी नाचायलाच लागला. "मेली न्हाई! सापासारखी कात टाकली!"

गोजरबाईनं बरणीत वाकून पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाली, "बरी दिसून राहिली," आणि हात धुवायला आत गेली. सोनाजीला वाटलं, चला, निभावलं! जीपवाल्यांना त्यानं गुळाचा चहा पाजला आणि रात्री गाढ झोपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली. फेटेवाल्याची बातमी ऐकून आखाडा बाळापूरहून सासरे माणिकराव आले होते. सोबत दोन मेहुणे, दोघांच्या हातात काठ्या! सोनाजीनं घाईघाईनं बरणी पुढं केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. गोजरबाईनंही शपथ घेऊन साक्ष दिली.

माणिकरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. बरणी चारी बाजूंनी फिरवून पाहिली, खाली ठेवली, मिशी पुसली.

"जावईबापू," ते म्हणाले, "किडा पाह्यला. आता बाई दाखवा!"