मागच्या डाव्या शॉकअपच्या बोल्टाची बखर

जे कोणी चारचाकी बाळगून आहेत, आणि जे बाळगून पस्तावले आहेत, त्या उभयतांच्या श्रवणार्थ ही हकिकत सविस्तर लिहिली असे. यात पदरचे काही घातले नाही; घातले ते गंज सोडवायचे तेल, तेवढेच.

तरी पूर्ववृत्त ऐसे की, बाईसाहेब केक करण्याच्या हुनरात नामांकित, आणि नृत्यशाळेच्या मुख्य बाईंची त्यांजवर मेहेरनजर. परंतु गेल्या शनिवारी बाईसाहेब दोन मजली केक घेऊन निघाल्या, आणि गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे खड्ड्याचा मार आपण खाऊन वरच्यास न पोहोचू देणारे जे इमानी चाकर, ते पार बसलेले. मग तिसऱ्या खड्ड्यास वरचा मजला खालच्या मजल्यात उतरला, आणि नृत्यशाळेत पोहोचला तो केक नव्हे, लगदा. मुख्य बाईंनी थोर मनाने एक संधी बहाल केली: आज पाच वाजता वर्धापनदिनाचा तीन मजली केक उभा पोहोचला तर वर्षभराची सारी कामे बाईसाहेबांस, आडवा पोहोचला तर रामराम. भाड्याच्या मोटारीत तेवढे उंच खोके मावेना, गॅरेजवाल्याने आठ दिवसांनंतरचा वायदा केला, आणि मग सासरेबुवा वदते जाहले, “गॅरेज कशाला? चार बोल्ट तर आहेत. जावईबापू काढतील.”

या एका वाक्यापायी आजवर किती दौलती बुडाल्या याची गणती नाही.

सासरेबुवा म्हणजे साक्षात माजी भांडारप्रमुख. मोठ्या कारखान्याच्या भांडारावर एकतीस वर्षे अंमल, आणि त्या अंमलात कायदा एकच, की जुना भाग अखंड जमा केल्यावाचून नवा देणे नाही. खुद्द मोठ्या साहेबांनी जुना बल्ब फोडून आणला म्हणून त्यांस तीन दिवस अंधारात बसविले, ऐसा दरारा. लेकीकडे, म्हणजे बाईसाहेबांकडे, आठ दिवसांकरिता आले त्यास सातवा महिना चालू होता. त्यांनी बाजारातून आणविलेल्या नव्या शॉकअपांचे खोके मांडीवर घेऊन दारात खुर्ची टाकली आणि फर्मान सोडले की, जुना अखंड दिसेल तेव्हा नवा हाती पडेल. जावईबापू सात महिन्यांत इतके तयार जाहले होते की, त्यांस हे वाजवीच वाटले.

मग भर बारा वाजता जावईबापूंनी गाडी जॅकवर चढविली, चाक उतरविले, आणि गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली दाखल जाहले. वरचा बोल्ट दोन फेऱ्यांत शरण आला. खालचा मात्र बहुत हरामखोर. वर्षानुवर्षे चिखलपाणी पिऊन माजलेला, शॉकअपच्या कडीत रुतून तिच्याशी एकजीव जाहलेला; बोल्ट कोठे सरतो आणि कडी कोठे लागते हे ब्रह्मदेवासही न कळे. त्याजवर तीन वेळा तेल सोडिले, हातोडा चालविला, मग पान्यास लोखंडी पाइप जोडून जावईबापूंनी सगळ्या देहाचा भार टाकिला, तेसमयी कडाड ऐसा आवाज जाहला, आणि जावईबापूंनी विजयाची आरोळी दिली, आणि मग पाहतात तो बोल्टाचे मुंडके पान्यात, धड कडीत, आणि स्वतःचे कोपर चिरलेले.

“निघाला का?” सासरेबुवांची पृच्छा जाहली.

“निम्मा.”

“कुठला निम्मा?”

“नको तो.”

इतक्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईसाहेबांचा निरोप सुटला, “अरे, झालं का? मी तिसरा मजला चढवतेय!”

“होतंय!”

“हे होतंय तू बारापासून म्हणतोयस.”

“मग बारापासूनच होतंय ना!”

दोन वाजता कुमक मागविली. शेजारच्या गल्लीतले वेल्डरमामा लोखंड कापायचा ग्राइंडर आणि तापवायची गॅसबत्ती काखोटीस मारून दौडत आले, गाडीखाली मान घालून शत्रूचे निरीक्षण केले, आणि मत दिले, “हा बोल्ट नाही राहिला आता. आठ दिवसांसाठी येऊन कायमचा पसरलेला पाहुणा झालाय. सांगून जायचा नाही, कापावाच लागेल.”

सासरेबुवा आभाळाकडे पाहू लागले.

“कडीसकट कापतो. पाच मिनिटांचं काम.”

“कडी कापायची नाही,” आभाळाकडे पाहतच हुकूम जाहला. “जुना अखंड पाहिजे.”

“का हो?”

“पद्धत आहे.”

या दोन शब्दांपुढे भल्याभल्यांची शस्त्रे म्यान जाहली, तेथे ग्राइंडरची काय कथा? नवल हे की, वेल्डरमामांसही ते पटले. मग तिघांची मसलत बैसली, आणि ठरले की बोल्ट तापवून ठोकून काढावा, परंतु जुन्या शॉकअपास आच लागो नये, सबब त्यास ओले फडके गुंडाळावे. जखमी सरदारास जपावे तैसे जपले. बोल्ट लाल जाहला, काळा जाहला, पुन्हा लाल जाहला, आतले रबर जळून गल्लीभर घाण सुटली, आणि साडेतीन वाजले तरी बोल्ट जागचा केसभर हालला नाही. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे लगदा दिसो लागला.

तेसमयी बाईसाहेब बाहेर आल्या. कोपरापर्यंत क्रीम.

“हे फडकं कशाला?”

“जुन्याला चटका बसू नये म्हणून,” जावईबापू गाडीखालून वदले.

“जुन्याचं पुढे काय करायचंय?”

“जमा करायचाय.”

“कुणाकडे?”

वेल्डरमामांनी जावईबापूंकडे पाहिले, जावईबापूंनी सासरेबुवांकडे, आणि सासरेबुवांनी मांडीवरल्या खोक्याकडे. एकतीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“बाबा,” बाईसाहेब हळूच बोलल्या, “भांडार सुटून सहा वर्षं झाली.”

सासरेबुवा उठले. खोके भुईस ठेविले. घसा साफ केला.

“कापा,” फर्मान सुटले. “नुकसानीची जबाबदारी माझी.”

मग ठिणग्यांचा एकच वर्षाव जाहला, आणि पाच मिनिटांत कडी दुभंगली, बोल्टाचे तुकडे खणखणत फरशीवर पडले, आणि नवा शॉकअप नव्या बोल्टासह जागी बैसला. उजव्या बाजूचा बोल्ट तर पाना लावताच लोण्यासारखा सुटला. त्याजविषयी लिहिण्याजोगे काहीच घडले नाही, याबद्दल बखरकार त्याजवर आजही नाराज आहे.

साडेचार वाजता स्वारी निघाली. बाईसाहेब सुकाणूवर, सासरेबुवा शेजारी, आणि जावईबापू मागे केकाच्या खोक्यास मिठी घालून. वाटेत खड्डे आले, मोठे आले, काही तर वंशपरंपरेचे आले. गाडी दबली, उठली, केकाने मान डोलाविली, आणि तिन्ही मजले ताठ उभे राहिले. पाचास दोन मिनिटे कमी असता नृत्यशाळेत प्रवेश जाहला. मुख्य बाईंनी केकास प्रदक्षिणा घातली, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, आणि वर्षभराची कामे तेथल्या तेथे बहाल केली.

मग गाडीची वार्ता ऐकून त्यांनी कौतुकाने पुसले, “गाडी एका दिवसात नीट केलीत? डोकं कुणाचं हे?”

तेव्हा जावईबापूंचा हात वर गेला, आणि त्याच क्षणी सासरेबुवांचाही. बाईसाहेबांचे दोन्ही हात केकाखाली गुंतलेले, सबब त्यांचा वर होऊ शकला नाही. आणि म्हणून ही फत्ते, हात मोजून, उभयतांच्या नावे दप्तरी दाखल जाहली असे.