तपासणीची कढई

कढई काळी असते, ही गोष्ट नगरपालिकेच्या आरोग्य समितीच्या ध्यानात १९३६ सालच्या उन्हाळ्यात आली. त्यापूर्वीही ती काळीच होती. पण तिकडे लक्ष देणारी समिती नव्हती.

समितीचे अध्यक्ष रतिलालशेठ मुंबईहून एक पांढरा रुमाल आणि एक विचार घेऊन परतले होते. रुमाल भांड्यावर फिरवायचा. डाग पडला की भांडे अस्वच्छ आणि खानावळीचा परवाना रद्द, एवढाच तो विचार. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण सभासदांपैकी कोणीही खानावळीत जेवत नसे.

जेवत असत ते स्वच्छता निरीक्षक तोताराम राणे. राणे रसायनशास्त्राचे पदवीधर होते, धुळ्याच्या रस्त्यावरच्या कमलबाईंच्या खानावळीत दोन्ही वेळ पानावर बसत आणि नोकरीत अद्याप कायम झालेले नव्हते. रुमाल साहजिकच त्यांच्या हाती देण्यात आला.

कमलबाईंची कढई पोलादी पत्र्याची होती. वर्षानुवर्षे तेल आणि आच खाऊन तिच्या आतल्या अंगावर काळा, तुकतुकीत थर बसला होता. झुणका तिला कधी चिकटत नसे, आणि त्या झुणक्यावरच एकट्या कमलबाईंचा संसार चालला होता. राण्यांनी रुमाल आतून फिरवला. तो बहुतांशी पांढराच राहिला. मग जातीने हजर असलेल्या रतिलालशेठांनी तो बुडाला पुसला.

"हे काय?"

"ती चुलीची काजळी, शेठ. आणि आतला थर म्हणजे मळ नव्हे. तापलेलं तेल लोखंडावर घट्ट बसतं आणि तेच गंज अडवतं."

"राणे, तुमचं रसायन बरोबरच असणार. पण रुमालाला रसायन येत नाही."

या मुद्द्याला विज्ञानात उत्तर नव्हते. राण्यांनी कायम होण्याचा विचार केला आणि हुकमावर सही केली: कढई आतून-बाहेरून घासून पांढरी करावी, कसूर झाल्यास परवाना रद्द.

कमलबाईंनी विटकरीची पूड आणि चिंच घेऊन हात भरून येईपर्यंत कढई घासली. ती इतकी लखलखली की जेवणारे तिच्यात पाहून मिशा सारखी करू लागले. सकाळी मात्र तिच्यावर तांबूस गंज चढलेला होता. दुपारचा निम्मा झुणका कढईने ठेवून घेतला आणि उरलेला पानात आला.

"राणेभाऊ," शेजारच्या पाटावरून कापसाच्या जिनातला कामगार झुलाल म्हणाला, "हाऊ झुणका शे का खिळा?"

राणे पाणी प्यायले.

पुढच्या तपासणीत रुमाल तांबडा झाला. ठरावात काळ्या डागाचाच उल्लेख असल्याने समितीपुढे पेच पडला. एका वैद्य सभासदांनी लोह रक्तवर्धक असल्याचे मत दिले, तेव्हा गंजाला तात्पुरती मान्यता मिळाली. पण रतिलालशेठांचा रुमाल धुऊनही निघेना, आणि मान्यता काढून घेण्यात आली. मग कारणांचा शास्त्रशुद्ध शोध सुरू झाला. गंज पाण्याने येतो, म्हणून कढईला पाणी वर्ज्य. कोरडी कढई तेलाने राखता येते, पण तेलाने ती पुन्हा काळी पडते, म्हणून तेल वर्ज्य. नुसत्या आचेनेही पोलादाचा रंग पालटतो, असे राण्यांनी सचोटीने निदर्शनास आणले, म्हणून आचही वर्ज्य.

हुकूम ऐकून कमलबाईंनी उलथने खाली ठेवले.

"पानी नहीं, तेल नहीं, आच नहीं. मंग मी कढईमा काय रांधू, राणेभाऊ? तुम्हना ठराव?"

"अक्का, मी नोकर माणूस."

"आनि मन्ही चूल?"

राण्यांनी चुलीकडे पाहिले. त्या पाहण्यात करुणा किती आणि भूक किती, हे त्यांनी मोजले नाही. त्यांनी आवाज खाली आणला. "अक्का, तपासणीची कढई निराळी असावी आणि रांधायची निराळी. मी पुढ्यात ठेवलेली तपासतो. आतल्या खोलीत डोकावण्याचा मला हुकूम नाही."

दुसऱ्याच दिवशी कमलबाईंच्या खानावळीच्या दर्शनी भागात, काचेच्या कपाटात, एक कोरी कढई विराजमान झाली. तिला समितीचे पहिले बक्षीस मिळाले. कमलबाईंचा परवाना टिकला, राणे कायम झाले, आणि आतल्या खोलीत झुणका पुन्हा सुटून येऊ लागला. सत्कारादिवशी रतिलालशेठ प्रथमच खानावळीत जेवले.

"वा! स्वच्छ कढईची चवच निराळी!"

"तं काय!" कमलबाई म्हणाल्या आणि आतून आणखी वाढून आणले.

त्या यशानंतर खानावळींखेरीज घरोघरीही तपासणीच्या कढया आल्या. मुलगी पाहायला येणारे तिच्या आधी कढई पाहू लागले. लग्नात रुखवतावर जोडी मांडली जाऊ लागली; एक उघडी आणि एक फडक्यात गुंडाळलेली. गुंडाळलेलीविषयी कोणी विचारीत नसे. वर्षअखेरीस समितीने गावात काळी कढई उरली आहे काय, असा प्रश्न घेतला. सर्व सभासदांनी नाही म्हणून सांगितले. सभागृहात त्यांच्याच कपड्यांतून लसणाच्या फोडणीचा वास दरवळत होता. राण्यांनी 'निरंक' असे लिहिले.

हे त्या गावापुरते घडले, असे ज्या वाचकांना वाटेल त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. उपकरणे लागत नाहीत. आपल्या दारात उभे राहून "पाहुणे आले!" एवढेच मोठ्याने म्हणावे आणि स्वयंपाकघरातून काय उचलून आत नेले जाते ते पाहावे. आपण आजवर त्यातलेच जेवत आला आहात.