जरा मोठ्यानं बोला

शेषराव काळे खरेदी विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते स्वतःच्या केबिनचं दार काढून टाकायचं. सुतार आला, बिजागऱ्या निघाल्या, दार स्टोअरमध्ये जाऊन पडलं. एसीची हवा सगळ्या विभागाला मिळू लागली आणि शेषराव आत घाम पुसत बसले.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "अहो, काही खाजगी बोलायचं असलं तर?"

"खरेदीत खाजगी काय असतं साहेब? बोल्ट केवढ्याला आणि कधी देतो, एवढंच तर बोलायचं."

शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात मी बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. कानांनी माणूस ठणठणीत. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर कुणी त्यांची नक्कल केली तर पुढं बसून तेच आधी हसायचे. पण समोरच्या पुरवठादारानं आवाज खाली आणून "साहेब, तुमचंही बघू की" म्हटलं, की शेषरावांना एकदम कमी ऐकू यायला लागायचं. हात कानामागं जायचा.

"जरा मोठ्यानं बोला. काय बघायचं म्हणता?"

तो बिचारा आणखी पुढं झुकायचा. "म्हणजे... दिवाळीचं."

"कुणाच्या दिवाळीचं?"

हे एवढ्या खड्या आवाजात, की विभागातल्या सगळ्यांची बोटं कीबोर्डवर थांबायची. मग तो माणूस घसा खाकरून निमूट बोल्टच्या भावावर यायचा.

एकदा परवान्याच्या नूतनीकरणासाठी एक सरकारी साहेब आले. चहा पिता पिता म्हणाले, "कागद सरकायला थोडं वंगण लागतं, काळेसाहेब." शेषराव लगेच माझ्याकडं वळले. "मॅडम, स्टोअरमधून ग्रीसचा डबा मागवा. साहेबांचा कागद अडकलाय म्हणं." आम्ही पोट धरून हसलो. पण कागद खरंच अडकला. एक लाइन बंद पडली, कामगारांचा ओव्हरटाइम गेला. त्या दिवसांत सकाळी मुकुंदवाडीहून बस भरून यायची, पण शेषरावांच्या शेजारची सीट रिकामी राहायची. ते खिडकीतून बाहेर बघत यायचे. पुढं परवाना मिळाला, एक रुपयाही न देता. पण तोवर लोकांच्या मनातून ते उतरले ते उतरलेच. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांच्यामुळं गल्लीत मला कुणी विरजण मागायला बी येत नाय."

आमची मूळ कंपनी परदेशातली. तिकडून एक बाई पारदर्शकतेचे धडे द्यायला आल्या. बिनदाराची केबिन बघून त्या हरखल्या, फोटो काढले. म्हणाल्या, आमच्या सगळ्या देशांतल्या कचेऱ्यांतून अशी दारं काढायला सांगते. मी भाषांतर करत होते. शेषराव म्हणाले, "बाईंना सांगा, दार काढून लाच थांबत नाय. घेणारा पार्किंगमध्ये बी घेतो. हे दार मी माझ्यासाठी काढलंय. मला माझाच भरवसा नाय."

मी तेव्हा भाषांतर करताना ते वाक्य जरा गुळगुळीत केलं. मला ते विनोदी वाटलं होतं.

करमाडला त्यांची मोठी बहीण राहते, आक्का. आई लवकर गेली, शेषरावांना तिनंच वाढवलं. तिचा मुलगा विलास लाकडी खोकी बनवतो आणि आम्हाला पुरवायचा. हे नातं शेषरावांनी पहिल्याच दिवशी वरच्यांना कळवलं होतं आणि त्या कामातून अंग काढून घेतलं होतं. पण एकदा परदेशी गेलेल्या मालाच्या खोक्यांना बुरशी लागली. चौकशीत निघालं, की विलासनं तपासणाऱ्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवून ओलं लाकूड पास करून घेतलं होतं. त्याला काळ्या यादीत टाका, असं भर बैठकीत पहिल्यांदा शेषरावच म्हणाले. त्या वर्षी भाऊबीजेला आक्काचा बोलावा आला नाही. पुढच्याही वर्षी नाही.

आणि मग गेल्या वर्षी अचानक शेषरावांची सुरक्षा विभागात बदली झाली. खरेदीचा प्रमुख आग विझवायची नळकांडी तपासत शेडमधून फिरू लागला. कुठल्यातरी बड्या पुरवठादारानं वरून दाब आणला, अशी कुजबुज कारखानाभर झाली. मलाही तेच वाटत होतं, आणि रागही येत होता.

एका शनिवारी मी स्कूटीवरून आले होते. सुटताना फाटकाशी शेषराव उभे. "मॅडम, करमाडला सोडता का?"

जालना रोडला लागल्यावर मी विचारलंच, "साहेब, ही बदली कुणी करायला लावली?"

"कुणी नाय. मीच मागितली."

मला गाडी हळू करावी लागली.

"विलासनं परत अर्ज केलाय," ते मागून म्हणाले. "पोरगं सुधारलंय. दुसऱ्या कंपन्यांना लई चांगला माल देतंय. पण मी त्या खुर्चीत असलो तर त्याला न्याय मिळणार नाय. मी बाजूला बसलो तरी माणसं माझ्या हाताखालचीच. माझ्या कपाळावर आठी पडली, की तुम्हीच त्याला नापास करणार. आणि आठी पडणारच. लोक काय म्हणतील, ह्या भीतीनं. चांगल्या मालाला भीतीनं नापास करणं ही बी बेइमानीच की."

ट्रकचा आवाज गेल्यावर ते पुन्हा बोलले, पण इतकं हळू, की मलाच मान वळवावी लागली.

"आणि आक्का आता जेवायला बोलावतीय. अर्ज आल्यापासून तीनदा फोन केला तिनं. मी काय सांगू तिला, प्रकरण विचाराधीन आहे म्हणून?"

विलासच्या शेडसमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली. "तुम्ही आत येऊ नका. फाइल तुमच्या टेबलावर येणार हाय." आणि मला रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसवून ते गेले.

घर आणि शेड एकाच आवारात, त्याला नुसतं तारेचं कुंपण, सगळं दिसत होतं. आक्का ओसरीवर उभी होती. शेषराव पायरीशी गेले. तिनं त्यांचा दंड चाचपून पाहिला, जनावर वाळलंय का बघतात तसा, आणि हाताला धरून आत नेलं.

माझा दुसरा चहा संपला तरी शेषराव येईनात. शेवटी मी कुंपणापाशी गेले. फळ्यांच्या थप्पीच्या सावलीला बाज टाकली होती. शेषराव त्यावर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून झोपले होते. आक्का उशाशी बसून पदरानं माश्या वारत होती. आत करवत लावायला निघालेल्या विलासला तिनं हातानंच थांबवलं.

"साहेबांना उठवता का?" मी म्हणाले. "अंधार पडेल जायला."

"पडू द्या," आक्का म्हणाली. "तुम्ही जावा बाई. त्याला आज मी नाय सोडत."