गौरीच्या निऱ्यांमागे

एकोणिसाव्या दिवशी मांजराचं पिल्लू ऐंशी सेंटिमीटरवर आलं. भाग्यश्रीने टेपने अंतर मोजून वहीत लिहिलं. ऐंशी सेंटिमीटर म्हणजे हाताला येणं नव्हे, आणि सासूबाईंची अट हाताला येण्याची होती.

भाग्यश्री एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाणी तपासायची. बिल्डिंगमागच्या गटाराच्या पाइपात सापडलेलं हे रानटी पिल्लू तिने मागच्या खोलीत ठेवलं होतं. रोज संध्याकाळी ती वाटीत दूधभात घेऊन त्याच्याकडे पाठ करून बसायची. पहिल्या दिवशी ते तीन मीटरवरून फिसकारलं होतं.

"लग्न ठरल्यावर मलाही जवळ यायला इतकेच दिवस लागले होते," नवरा ज्ञानेश म्हणाला. "तेव्हा मोजलं होतंस का?"

"गरज नव्हती. डबा उघडला की तू यायचास."

सासूबाई नवसाबाईंना मात्र असल्या गप्पांत रस नव्हता. "गौरी येईस्तोवर हाताला आलं तर राहू दे. नाय आलं तर गोटीराम नेईल सिन्नरला, गोडाऊनवर. उंदीर तरी धरील."

गोडाऊनवर दोन आडदांड कुत्री होती. पिल्लू उंदराहून फार मोठं नव्हतं.

गोटीराम हा नवसाबाईंचा भाऊ. त्याची जीप सिन्नर–नाशिक प्रवासी भरून वडाप करायची. सणाच्या गर्दीत गाडी सोडता येत नाही, विसर्जनाला येतो आणि पिल्लू घेऊन जातो, असा त्याचा फोन आला. तीन दिवस मिळाले. तेवढे दिवस पिल्लू मागच्या खोलीत कोंडून ठेवायचं ठरलं.

गौरी आणायची वेळ झाली. नवसाबाई ताटलीवर चमचा बडवत उंबऱ्यातून आत आल्या. शेजारच्या लंकाबाईंनी कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून फरशीवर पावलं उमटवली. "गौर आली कशाच्या पायी?" "सोन्याच्या पायी!" नेमक्या त्याच वेळी ज्ञानेशने नारळ आणायला मागच्या खोलीचं दार उघडलं. एक करडा पट्टा त्याच्या पायांमधून सुटला, कुंकवाच्या ताटातून गेला आणि दिसेनासा झाला. सगळ्यांचे डोळे मुखवट्यांकडे होते. पाहिलं ते एकट्या भाग्यश्रीने.

गौरी बसल्यावर लंकाबाई खाली वाकल्या आणि किंचाळल्याच.

"नवसाताई! ही बारकी पावलं कुणाची गं?"

मुठीच्या ठशांच्या कडेने बोटाएवढे लाल ठसे थेट थोरल्या गौरीच्या निऱ्यांपर्यंत गेले होते. तिथून बाहेर आलेला एकही नव्हता.

नवसाबाईंनी हात जोडले. "बाळाची. गौर आपलं बाळ घेऊन आली माझ्या घरी."

गौर म्हणजे तीन पायांचा लोखंडी स्टँड, वर मुखवटा आणि भोवती नेसवलेली साडी. आतून सगळं तंबूसारखं मोकळं. भाग्यश्रीला उत्तर समजलं होतं, पण ते सांगणार कसं? बसलेली गौर विसर्जनापर्यंत हलवायची नसते. शिवाय घराचं दार सताड उघडं. पिल्लू घाबरून सुटलं तर थेट रस्त्यावर जाणार.

"सूनबाई, ते मांजर कुठं गेलं?" नवसाबाईंनी विचारलं.

"दिसत नाही," भाग्यश्री म्हणाली. ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पावलं बघायला आधी त्यांची बिल्डिंग, मग समोरची आणि मग जिचं त्यांच्याशी दोन वर्षं भांडण होतं ती कोपऱ्यावरचीही लोटली. झांजा, आरत्या, रडणारी पोरं. भाग्यश्री थोरल्या गौरीपुढे ठाण मांडून बसली. कुणी निऱ्यांना हात लावू लागलं की ती हळूच मधे सरकायची. गर्दी पांगली की साडीखाली वाटी सारायची. दूधभाताचा वास येऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाने धूप घालायची.

नवसाबाईंचे डोळे भरून आले. "सात वर्षांत पहिल्यांदा! एवढी शिकलेली, पण बघा, देवीपुढून हलत नाय."

"आई, मी पूजा करत नाहीये."

"आगं तेच तर! मनातून करतीस."

हे ऐकून लंकाबाईंनी आपल्या सुनेकडे असं काही पाहिलं की ती बिचारी उठून धूप आणायला गेली.

तिसऱ्या दिवशी आरती झाली. गोटीराम पोतं घेऊन दारात हजर होता. खोलीत वीसेक बायका. नवसाबाईंनी अक्षता वाहिल्या, मुखवटा हलवला, उतरवला आणि खाली बसून साडी सोडली.

आत पिल्लू बसलं होतं. पंजे लालभडक.

भाग्यश्रीने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

पण तीन दिवसांच्या झांजा आणि बायका यांच्यापुढे आता पिल्लाला घाबरण्यासारखं काही उरलं नसावं. त्याने आळस दिला, भाग्यश्रीला वळसा घातला आणि तुपापुरणाच्या वासाने घमघमणाऱ्या नवसाबाईंच्या मांडीवर जाऊन बसलं.

"म्हंजे ती पावलं…" लंकाबाईंनी लाल पंजांकडे बोट दाखवलं.

"आई, मला माहीत होतं," भाग्यश्री म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्हाला गौर हलवावी लागली असती."

"बसलेली गौर हलवते होय मी?" नवसाबाई म्हणाल्या. त्यांनी शेपूट उचलून पाहिली. "पोरगी हाय."

गोटीरामने पोत्याचं तोंड उघडलं. "आक्का, टाक ह्यात. उजेडात पोचलेलं बरं."

"काय म्हणून?"

"आता! तूच बोलली ना, गौरी गेल्या की घेऊन जा?"

"गेल्या गौरी. त्यांना सासर हाय." नवसाबाईंनी पदराने एक लाल पंजा पुसायला घेतला. "हिला कुठं हाय?"

गोटीरामने जरा विचार केला, पोत्याची घडी घातली, तिच्यावर बसला आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.